काना-मात्रेचे पैसे नाहीत

‘घरातलं जुनं’ या सदरासाठी या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. तिन्हींचा संबंध भांड्यांशी आहे. तिसऱ्याचा आहे हे मात्र ते लिहिणाऱ्या बाईंना अजून ठाऊक नाही.

प्रश्न : आजीच्या सामानात एक पितळी पातेलं निघालं. बाहेरून, काठाच्या खाली, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत मजकूर आहे. लागला तेवढा असा : ‘चि. सौ. कां. … हीस आत्याकडून स. भे. वै. शु. ३ श. १८९१’. नावाच्या जागेची अक्षरं झिजली आहेत आणि त्याआधी एक छोटं पान कोरलं आहे. याचा अर्थ काय? पॉलिशवाला म्हणतो, हे सगळं घासून आरशासारखं करून देतो. देऊ का त्याच्याकडे? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : नका देऊ. बाकीचं सावकाश सांगते, पण आज-उद्या तो दारात आला तर आधी त्याला परत पाठवा.

चि. सौ. कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, हे तुम्हाला लग्नपत्रिकांवरून माहीत असेलच. स. भे. म्हणजे सप्रेम भेट. वै. शु. ३ म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीया, आपल्याकडची आखाजी. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं (मार्गशीर्ष-पौषात कधी ७८, कधी ७९, माघ-फाल्गुनात ७९, पण वैशाखाला तो घोळ नाही). म्हणजे एप्रिल १९६९. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्या दिवशी आजीचं लग्न झालं असणार. आत्याचं नाव नाही, कारण आत्या कोण हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि नाव घालायचं तर अक्षरांचे पैसे पडत होते.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण माझे वडील हेच काम करायचे. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी पन्नासेक वर्षं भांड्यांवर नावं घातली. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दुकान त्यांचं नव्हतं. पायरी मालकाची, त्याबदल्यात दुकानाच्या गिऱ्हाइकाला दर थोडा कमी, असा तोंडी करार होता. पगार नाही, रजा नाही. पाऊस तिरपा आला की काम बंद.

आमच्या तांबट आळीत घरोघर हातोडे चालायचे, ठण्ण, ठण्ण. हंडे, घंगाळं, बंब घडत असायचे. त्या आवाजात मोठे झालेल्या पोराला नानांची हातोडी ऐकूच यायची नाही. ती टिक् टिक् वाजायची, पाल चुकचुकल्यासारखी. गोणपाटावर लाकडी ठोकळा, त्यावर भांडं आडवं, पायाच्या तळव्यांनी धरलेलं. डाव्या हातात टोकदार छिन्नी, उजव्या हातात वीतभर हातोडी. छिन्नी जागेवरून फार हलवायची नाही, भांडं फिरवायचं. पितळेच्या गोल पोटावर रेघ ओढायला गेलं की छिन्नी घसरते, म्हणून रेघच नाही, ठिपके. एकेका ‘क’ला वीस-पंचवीस ठोके. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, कारण ती आधी मारली आणि नाव लांबलं तर अक्षरं काठावर चढतात.

दर अक्षरावर. आणि ‘अक्षर’ कशाला म्हणायचं यावरून रोज भांडणं. नानांचा नियम असा की काना-मात्रेचे पैसे नाहीत, वेलांटी-उकाराचे नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं. ‘श्रीकृष्ण’ हे त्यांच्या हिशोबाने तीन अक्षरं, आणि ठोके पडायचे ‘गजानन’पेक्षा जास्त. तरी गिऱ्हाईक म्हणायचं, ‘नाना, श्री तर देवाचा, त्याचे कसले पैसे घेता?’ चि., सौ., कां., स. भे. ही सगळी काटछाट त्या पैशांपायी आलेली, असं माझं मत आहे. कुणी भाषाशास्त्रज्ञ वाचत असतील तर त्यांनी हसावं.

लोकांना वाटतं, नाव घालायचं ते हौसेपोटी. हौस होतीच, पण गरज जास्त होती. लग्नकार्यात सगळ्या आळीतली पातेली, पराती एकत्र यायच्या आणि मांडव उतरल्यावर कुठलं कुणाचं हे नावावरूनच कळायचं. आणि सप्टेंबर १९६९चा गोदावरीचा पूर मी सात वर्षांची असताना पाहिला आहे. म्हणजे तुमच्या आजीचं पातेलं जेमतेम पाच महिन्यांचं असेल. आम्ही नाशिककर नदीला गंगा म्हणतो आणि पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या अंगावर : गुडघे, कंबर, छाती, गळा. त्या वर्षी मारुती दिसत नव्हता. पाणी ओसरल्यावर नाना मला घेऊन गंगेवर गेले. गाळात भांडीच भांडी, चेपलेली, काळी पडलेली. लोक एकेक उचलून काठ पुसत होते आणि नाव वाचून हाका मारत होते. नाना वाचत नव्हते. ते लांबूनच म्हणायचे, ‘हे माझं.’ मला वाटायचं, इतकी भांडी आपली कशी?

आता तुमच्या पानाबद्दल. पितळेवर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. ठिपका बसला तो बसला. नाना चुकले की त्या अक्षराचं पान करायचे. चारी बाजूंनी ठिपके वाढवायचे, मध्ये शीर काढायची, देठ सोडायचा आणि त्यापुढे नाव नव्याने सुरू. गिऱ्हाइकाला वाटायचं, नक्षी फुकट दिली. नावाच्या आधी पान दिसलं तर समजा, तिथे कुणीतरी एकदा चुकलं आहे. तुमच्या पातेल्यावर नाना चुकले की दुसरं कोणी, हे पानावरून सांगता येणार नाही, बाजारात आणखीही लोक बसायचे. नानांची खूण वेगळी. त्यांचा चारचा आकडा. खाली गाठ मारल्यासारखा, शेपूट परत वर वळवून घेतलेलं. तुमच्या सालात चार नाही. दैव!

सगळ्या चुका पानाखाली झाकत नसत. ‘आत्याकडून’च्या जागी ‘मामाकडून’ पडलं तर काय पान काढणार? ते भांडं नाना स्वतः विकत घ्यायचे, हप्त्याने. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांची नावं होती, फक्त आमची नव्हती. मी जेवायची त्या थाळीवर कुणा वकीलसाहेबांना त्यांच्या मित्रमंडळाकडून निरोप दिलेला होता. भाऊ ज्या तांब्याने अंघोळ करायचा तो कुणाच्या तरी मुंजीचा. आई पाहुण्यांसमोर ताट ठेवताना नावाची बाजू आपल्याकडे वळवून ठेवायची. शेजारणी विचारायच्या, ‘हे अमुक कोण हो तुमचे?’ आई म्हणायची, ‘यांचे स्नेही.’

झिजलेलं नाव वाचायचं असेल तर घासू नका. जन्मभराच्या राखेने आणि काथ्याने ते निम्मं गेलंच आहे. काळपटपणा काढायचा तर चिंच-मीठ हलक्या हाताने लावून लगेच धुवा. कोरडं झालं की पांढरी रांगोळी बोटाने ठिपक्यांत भरा, वरची फुंकून टाका. मग खोलीत अंधार करून बॅटरी समोरून नाही, बाजूने धरा, भांड्याला जवळजवळ चिकटवून. खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि नाव उठतं. पानावरही असाच उजेड टाकून बघा, खालचं चुकलेलं अक्षर कधीकधी दिसतं.

माझ्या लग्नात, १९८३ साली, नानांनी सगळ्या भांड्यांवर स्वतः नावं घातली. चार रात्री घरीच बसले होते, दिवसा बाजार होता म्हणून. सगळ्यात मोठ्या पातेल्यावर, माझ्या नावाआधी, पान आहे. मी त्यांना पुष्कळदा विचारलं की नाना, काय चुकलं होतं? ‘नक्षी आहे ती,’ म्हणायचे. पुढे मी बॅटरी लावून पाहिलं. पानाच्या शिरेत एक वेलांटी लपलेली आहे. माझ्या नावात वेलांटी नाही. आमच्या घरात वेलांटीचं नाव एकट्या आईचं.

पातेलं वापरणार असाल तर आतून कल्हई मात्र करून घ्या, नाहीतर आंबट काही ठेवलं की कळकेल. कल्हईवाल्याला सांगा, बाहेरून हात लावायचा नाही.

प्रश्न : माझ्याकडे स्टीलच्या डब्यांचा न वापरलेला सेट आहे. प्रत्येकावर मशीनने आमचं नाव आणि लग्नाची तारीख घातलेली आहे. भाचीला भेट द्यायचा आहे. नाव पुसता येईल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नाही. घासून घासून तिथे ढगाळ डाग पडेल आणि डागामागून नाव दिसत राहील. नावासकट द्या, किंवा नवीन घ्या.

मशीनवरून आठवलं. स्टील आलं तेव्हा नानांची पहिली पंचाईत झाली. स्टील पितळेपेक्षा कठीण, छिन्नीचं टोक मरायचं. जोर लावला तर पातळ पत्र्याला आतून फोड यायचा. मग माझ्या भावाने विजेवर चालणारं मशीन आणलं, पेनासारखं धरायचं, घर्रर्र करत अक्षर उमटतं. भाऊ एका तासात नानांचं दिवसाचं काम उरकायचा. नाना चार दिवस बघत बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘हे लिहीत नाही रे, खाजवतं.’ तरी तेही शिकले. त्यात अक्षरावरचा दर गेला, भांड्यावर आला, आणि भांडणंही संपली. नंतर पत्रिकांवरच छापून यायला लागलं, ‘कृपया आहेर आणू नये’. पायरीवरची गर्दी त्या एका ओळीने जेवढी हटवली तेवढी मशीननेसुद्धा नाही.

प्रश्न : हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो की नाही माहीत नाही. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मशीनवर होते. मागच्या भाद्रपदात गेले. वर्षश्राद्धाला चार पानांची पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यावी असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, लिहिण्यासारखं आहे काय? पाळीला जायचे, यायचे, झोपायचे. त्यांच्या वस्तू म्हणाल तर एक घड्याळ, एक पासबुक आणि कामावर न्यायचा स्टीलचा डबा. कामावरचा एकही फोटो नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : ताई, बसतो. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नाना २००९च्या उन्हाळ्यात गेले. आमच्या भावानेही असाच कागद केला होता, दहाव्याला वाचायला. ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’. मी ‘मनमिळाऊ’वर काट मारली. जो माणूस जोडाक्षरावरून रोज चार गिऱ्हाइकांशी भांडायचा तो मनमिळाऊ कसा? भाऊ चिडला, म्हणाला, मग तूच लिही. मी लिहायला बसले आणि दोन ओळींवर अडले. जन्म अमुक, शिक्षण चौथी, व्यवसाय नावं घालणे. तुमच्यासारखंच.

मग मी आईजवळ बसले. नाना कसे होते असं विचारलं असतं तर तीही ‘चांगले होते’ म्हणून मोकळी झाली असती. मी विचारलं, रात्री झोपायचे कसे? ती हसली. म्हणाली, ‘झोपेत उजवं मनगट हलायचं गं, टिक् टिक् टिक्. मी हात धरून ठेवला की थांबायचं. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं यांना आकडी येते.’ पन्नास वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं?

दुसरी गोष्ट आईच्याच तोंडून. गावात कुणाचं लग्न ठरलं हे पत्रिका छापायच्या आधी नानांना कळायचं, कारण भांडी आधी खरेदी व्हायची. कुणाचं मोडलं हेही. बस्त्यापर्यंत गेलेली सोयरीक फिसकटली की घातलेली भांडी घेऊन मुलीचा बाप गुपचूप पायरीवर यायचा. ‘नाना, याचं काही करता येईल का?’ तिथे पूर्ण नावाचं पान करावं लागायचं, पानांची वेलच. नाना त्याचे पैसे घेत नसत आणि घरी येऊन नाव सांगत नसत. आईलासुद्धा नाही. ‘आज वेल काढली,’ एवढंच म्हणायचे आणि मुकाट्याने जेवायचे.

तिसरी १९९१च्या सिंहस्थातली, ती माझ्या डोळ्यांदेखतची. गुजरातेतून आलेल्या एका बाईंना तांब्याच्या गडूवर नाव हवं होतं, गुजराती लिपीत. नानांना गुजराती येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा-सुलटा फिरवून पाहिला आणि चित्र काढावं तसं ते नाव उतरवलं. बाईंनी वाचून मान हलवली. पैसे किती म्हणाल तर, आपल्याला अक्षरं मोजता येत नाहीत म्हणून नानांनी त्यांनाच विचारलं, ‘किती झाली?’ बाई म्हणाल्या चार. नाना चारचेच घेऊन बसले. बाई गेल्यावर मला म्हणाले, ‘पाच असतील. असू दे.’

आणि वाईटही लिहा. सप्टेंबर २००८च्या पुरात भांडी बाजारात पाणी शिरलं. नानांची छिन्न्यांची पेटी दुकानात खालच्या फळीवर होती, ती गेली. तेव्हा ते कामावर जात नव्हते, नजर अधू झाली होती, पेटी नुसती ठेवलेली होती. पूर चढत असताना दर तासाला विचारायचे, ‘दुतोंड्या कुठवर?’ पेटी गेल्याचं सांगितलं तेव्हा ‘बरं’ म्हणाले. पण त्यानंतर आईला झोपेत मनगट धरावं लागलं नाही. हे मी त्या कागदात लिहिलं, आणि भावाने ते वाचायला नकार दिला. दहाव्याला मीच वाचलं. भाऊ मागे उभा राहून नाक ओढत होता.

तेव्हा भावाचं ऐकू नका, पण त्याला वगळूही नका. पाळीला जायचे, यायचे, झोपायचे, हे त्याने बरोबर सांगितलं आहे, फक्त अर्धवट सांगितलं आहे. पहिल्या पाळीला जाताना घरात दिवा कोण लावायचं? रात्रपाळी असताना दिवसा झोपलेल्या बापासाठी तुम्ही पोरं घरात कशी वावरायचा, रेडिओ किती बारीक लावायचा? सुट्टीचा वार कुठला आणि त्या दिवशी ते काय करायचे? पासबुकाची पानं उलटा. कुठल्या महिन्यात एकदम मोठी रक्कम निघाली ते पाहा आणि आईला विचारा. ती फी असेल, दवाखाना असेल, घराचा हप्ता असेल. पुस्तिकेचं एक पान तिथेच निघेल.

राहिला डबा. आता त्यासाठीच हे पत्र या सदरात घेतलं आहे. सुट्टीच्या दिवशी सातपूरचे कामगार घोळक्याने भांडी बाजारात यायचे, हातात रिकामे डबे घेऊन. कँटीनमध्ये सगळ्यांचे डबे एका आकाराचे, एका चकाकीचे, अदलाबदल व्हायची. नाव कुणी घालत नसे. टोकन नंबर घालायचे, कारखान्यात हजेरीला असतो तो. आकड्याला नाना अक्षराच्या निम्मे घ्यायचे आणि डब्याच्या बुडाखाली घालायचे, वर घातला तर बायका घासून घासून घालवतात म्हणून.

तुमच्या वडिलांचा डबा उपडा करा. बुडाला रांगोळी लावा, बाजूने उजेड धरा. नंबर निघाला तर आईला तो न दाखवता विचारा, बाबांचा टोकन नंबर काय होता म्हणून. त्यांना पाठ असेल, पैज लावते. आणि बुडाचा एक फोटो माझ्याकडे पाठवा. नंबरात चार असेल तर जरा जवळून काढा.